अपडेटनंतर मशीन अडले, तर आधी खातेवही बाहेर काढा

रात्री हिशेब मिळवून, कॉम्प्युटर रीतसर बंद करून दुकान वाढवावे आणि सकाळी बटण दाबताच निळा पडदा समोर यावा, नाहीतर काळ्या पडद्यावर गरगर फिरणारे ठिपके तासभर फिरतच राहावेत, हा प्रकार आता कापड बाजारात नवा राहिलेला नाही. मधल्या काळात मशीनला कोणी हात लावलेला नसतो. फक्त बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ असा पर्याय समोर आलेला असतो आणि पोऱ्याने तो दाबलेला असतो. सकाळी दहाला टेम्पो दारात उभा, गाठी बांधून तयार, आणि ई-वे बिल निघत नाही. माल परराज्यात जायचा आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर, म्हणजे त्या कागदाशिवाय गाडी हलवता येत नाही.

अशा वेळी व्यापारी ओळखीच्या मेकॅनिकला फोन करतो आणि म्हणतो, ‘काहीही कर, पण तासाभरात चालू करून दे.’ या ‘काहीही’ शब्दातच सगळे नुकसान भरलेले आहे. मेकॅनिकच्या दृष्टीने सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणे, ज्याला बाजारात फॉरमॅट मारणे म्हणतात. दोन तासांत मशीन नव्यासारखे होते. त्यातली खातेवही मात्र गेलेली असते.

भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका पेढीवर हेच घडले. मालक साठीचे, हिशेबाचे पक्के, पण कॉम्प्युटर त्यांचा मुलगा पाहत असे आणि तो त्या दिवशी सुरतेला खरेदीस गेला होता. मशीन सुरू होईना म्हणून बोलावलेला तरुण म्हणाला, ‘चाचा, दोन तासांत नवीन करून देतो.’ चाचांनी होकार दिला. संध्याकाळी मशीन झकास चालू झाले, पण टॅली उघडून पाहतात तो आत एकही कंपनी नाही. बॅकअपचा पेन ड्राइव्ह सापडला तो पाच महिने जुना.

पुढे काय झाले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ‘आता सगळे जीएसटीच्या पोर्टलवर असतेच’ असा समज बाजारात पसरला आहे. विक्रीची बिले पोर्टलवरील जीएसटीआर-१ मधून उतरवून घेता आली. खरेदीची बिले २-बी मधून मिळाली. बँकेतून आले-गेलेले पैसे बँकेच्या उताऱ्यावरून लागले. परंतु कोणाकडे किती उधारी बाकी, कोणी रोखीने किती दिले, कोणत्या कारखानदाराकडे किती बीम गेले आणि त्यातून किती ताके परत आले, मजुरी कोणाची किती चढली, दलालाचे देणे किती, यांतले पोर्टलला काही ठाऊक नसते. मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांनी आपापल्या वह्या आणून दाखवल्या. त्या आकड्यांप्रमाणे पैसे देण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि ते दिले गेले. ज्यांच्याकडून येणे होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी खरे ते सांगितले. दोन-तीन जणांची स्मरणशक्ती मात्र नेमकी त्याच महिन्यात कमजोर झाली.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. त्यात मुदत आली, लिहिणारा आला आणि साक्षीदारही आले. खाते हे केवळ आपल्या नफ्याचे टिपण नसते. त्यात दुसऱ्याचे हक्काचे पैसे नोंदलेले असतात, म्हणून ते अमानत ठरते. सरकारी कायदाही या बाबतीत सैल नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि जे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवतात त्यांनी अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळेत पुन्हा उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवावा, असे नियम ५७ मध्ये लिहिलेले आहे. मशीन बंद पडले होते, ही सबब अधिकाऱ्यापुढे चालणारी नाही.

मशीन बंद असते, मेलेले नसते

आमचे सांगणे एवढेच आहे की अपडेटनंतर सुरू न होणारे मशीन बहुधा मेलेले नसते. विंडोजच्या काही फायली जागच्या हललेल्या असतात, आणि आपली खाती त्याच डिस्कवर जशीच्या तशी पडून असतात.

याचा जगाने पाहिलेला पुरावा म्हणजे १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती विंडोजची नव्हती, पण विंडोजच्या अगदी गाभ्यात वाचली जाणारी होती. तिच्यातील दोषामुळे मशीन निळा पडदा दाखवून पडू लागले, पुन्हा सुरू होऊ लागले आणि पुन्हा पडू लागले. अकरा वाजण्यापूर्वी कंपनीने ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन अडकले होते. विमाने रद्द झाली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. १० बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, त्यामुळे आपल्या गल्लीतील दुकानांना त्याची झळ लागली नाही.

आता उपाय काय होता तो पाहा. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचे, एका फोल्डरमधील ती एक फाइल पुसायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. बस्स. एवढ्या मोठ्या विमान कंपन्यांनी आपली मशीन फॉरमॅट करून टाकली असती तर काय झाले असते याचा विचार करावा. त्यांच्या माणसांनी एकेका मशीनपुढे बसून ती एक फाइल काढली.

असे का होते

चालत्या लूमवर बीम बदलता येत नाही, लूम थांबवावाच लागतो. अपडेटचे तसेच आहे. मशीन चालू असताना विंडोजच्या फायली वापरात असतात. म्हणून नव्या फायली आधी इंटरनेटवरून उतरवून बाजूला ठेवल्या जातात आणि मशीन बंद होताना व पुन्हा सुरू होताना जुन्यांच्या जागी बसवल्या जातात. पडद्यावर टक्केवारी दिसते आणि कॉम्प्युटर बंद करू नका अशी सूचना येते, ती याच वेळी. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर अर्ध्या फायली जुन्या आणि अर्ध्या नव्या, अशी अवस्था होते. विंडोज अशा वेळी मागे परतण्याचा प्रयत्न करते आणि पुष्कळदा त्यात यशस्वीही होते, परंतु दरवेळी नाही. ज्या गावांत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही तेथे अपडेट चालू असताना दुकान वाढवून निघून जाणे धोक्याचे आहे. दुकानातला साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, अपडेट त्याहून जास्त वेळ खाते.

दुसरे कारण जागेचे. सी ड्राइव्ह लग्नातील फोटो आणि व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओंनी गच्च भरलेला असतो. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी निदान २० जीबी जागा मोकळी हवी, असे धरून चालावे.

तिसरे कारण ड्रायव्हरचे, म्हणजे पडदा, प्रिंटर, बारकोड यंत्र यांना विंडोजशी बोलायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे. विंडोज बदलते, जुना ड्रायव्हर तसाच राहतो आणि दोघांचे जमत नाही. सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून मशीनला लावलेले जुने डोंगलही यात येते.

आणि कधी कधी अपडेटच सदोष असते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या सुरक्षा अपडेटनंतर एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरची मशीन सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टला त्या मशीनपुरते ते थांबवावे लागले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आलेले मोठे अपडेट चार दिवसांत मागे घ्यावे लागले, कारण ज्यांनी आपल्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरची जागा बदलली होती त्यांपैकी काहींच्या जुन्या जागेतील फायली त्याने पुसून टाकल्या. खाती सहसा जात नाहीत असे आम्ही वर म्हटले, त्याला हा एक मोठा अपवाद. बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

मेकॅनिक येण्यापूर्वी

पहिली गोष्ट, थांबावे. ठिपके फिरत असतील किंवा टक्केवारी एकाच आकड्यावर अडली असेल, पण डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर मशीन काम करीत आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनला दोन-तीन तासही लागतात. तेवढा वेळ गाडी खोळंबू देण्याची गरज नाही. ई-वे बिल दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून निघते, ट्रान्सपोर्टवालाही काढू शकतो. एक छापील बिलबुकही गल्ल्यात असू द्यावे. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकापेक्षा अधिक मालिका चालतात, क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि ओळीने असावा इतकेच. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आहे, त्यांनी तेही दुसऱ्या मशीनवरून काढण्याची सोय पासवर्डसह आधी करून ठेवावी. पासवर्ड फक्त मुलाला माहीत आणि मुलगा सुरतेला, असे नको.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर प्रकरण वेगळे. अपडेट डिस्कवर खूप वाचणे-लिहिणे करते आणि मरायला टेकलेली डिस्क त्या ओझ्याखाली बसते. अशा वेळी मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, लगेच बंद करावे आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्यावे.

दिवाही हलत नाही आणि आवाजही नाही, असे झाले तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करावे. मग पेन ड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल, बाहेरची हार्ड डिस्क, सगळ्या वायरी काढाव्यात. पडदा, कीबोर्ड, माउस एवढेच ठेवावे आणि पुन्हा सुरू करावे. पुष्कळशी मशीन एवढ्यावरच जागी होतात, कारण मागे लावलेल्या एखाद्या वस्तूशीच त्यांचे भांडण असते. पडदा काळा पण माउसचा बाण हलतो, अशी अवस्था असेल तर विंडोज सुरू झालेले असते, फक्त चित्र दाखवणारा ड्रायव्हर अडलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि विंडोजची कळ धरून बी दाबावे. चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

एवढ्याने भागले नाही तर दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जावे लागते. सुरू होताना दोन-तीन वेळा लागोपाठ अडले की विंडोज स्वतःच तेथे नेते. तसे न झाल्यास खूण चमकताच बटण धरून बंद करायचे, असे तीनदा करावे. टक्केवारी दिसत असताना मात्र हे बिलकुल करू नये. त्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, त्यात ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असा पर्याय असतो. आत दोन नावे दिसतील. ‘क्वालिटी’ म्हणजे दर महिन्याचे अपडेट, ‘फीचर’ म्हणजे वर्षाकाठचे मोठे. जे नुकतेच आले असेल ते काढावे. मोठे अपडेट साधारणपणे दहा दिवसांच्या आतच मागे घेता येते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हणत बसू नये. अपडेट निघत नसेल तर ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर ‘सिस्टम रिस्टोअर’ आणि सेफ मोड यांचा प्रयत्न करावा.

त्याच यादीत वर ‘रीसेट’ असतो आणि ‘माझ्या फायली ठेवा’ असे गोड बोलतो. हा पर्याय विंडोज नव्याने घालतो आणि बाहेरचे सगळे प्रोग्राम काढून टाकतो. तुमच्या डॉक्युमेंट्समधील फायली त्याला ‘तुमच्या’ वाटतात. एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रामने स्वतःच्याच फोल्डरमध्ये डेटा ठेवला असेल तर तो त्याच्या हिशेबी तुमचा नसतो. म्हणून रीसेटच्या आधी, आणि फॉरमॅटच्या तर शंभर वेळा आधी, खाती बाहेर काढलीच पाहिजेत.

हे काम कठीण नाही. मेकॅनिकला डिस्क मशीनमधून काढायला सांगावे, ती एका वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की साध्या पेन ड्राइव्हसारखी उघडते. टॅलीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असतो, एका कंपनीला एक फोल्डर. तो कोठे ठेवला जातो हे मशीन चांगले असतानाच टॅलीत पाहून भिंतीवर लिहून ठेवावे. सगळे फोल्डर दुसऱ्या मशीनवर उतरवून, तेथे टॅलीत उघडून, कालच्या तारखेची शेवटची नोंद डोळ्यांनी पाहावी. ती दिसल्यावर मेकॅनिकने मशीनचे काय वाटेल ते करावे. टॅलीचे लायसन मशीनशी बांधलेले असते, फॉरमॅटनंतर ते पुन्हा सुरू करावे लागते, त्यासाठी लायसन कोणत्या ईमेलवर घेतले होते हेही त्याच भिंतीवर असावे.

४८ आकड्यांची किल्ली कोणाच्या खिशात

नव्या मशीनमध्ये एक नवीच भानगड आहे. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद केलेली असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. चोराने डिस्क काढून नेली तरी त्याला ती वाचता येऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण मशीनला काही बदल संशयास्पद वाटला की ते सुरू होताना ४८ आकड्यांची किल्ली मागते. ९ जुलै २०२४ च्या अपडेटनंतर कित्येक मशीन अशी अचानक किल्ली मागू लागली आणि मायक्रोसॉफ्टने ऑगस्टच्या अपडेटमध्ये तो दोष काढला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनवर पुन्हा तेच झाले. किल्ली नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडूनही उपयोग नाही, आणि जगातला कोणताही मेकॅनिक ती उघडून देऊ शकत नाही.

ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर मशीन सुरू केले त्या खात्यात जमा असते. ते खाते कोणाचे? दहा दुकानांत विचारून पाहावे. कोठे मशीन विकणाऱ्याने स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिलेले असते, कोठे सोडून गेलेल्या नोकराचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. तिजोरीची किल्ली परक्याकडे ठेवून कोणी झोपणार नाही, पण येथे तेच चालले आहे. आजच त्या खात्यात जाऊन किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, मशीनपासून दूर, दस्तऐवजांबरोबर ठेवावी. खाते परक्याच्या नावावर असेल तर ते बदलावे.

मशीन चालते, बिल छापत नाही

काही वेळा मशीन सुरू होते आणि अडते ते छापताना. आपल्या धंद्यात हेही बंद पडल्यासारखेच. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छापायला घेताच निळा पडदा येऊ लागला. आठवड्याभरात मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळे अपडेट काढावे लागले. त्याच वर्षी जुलैत झेब्रा कंपनीच्या लेबल आणि पावती छापणाऱ्या यंत्रांची छपाई अडली, म्हणजे रेडिमेडवाल्यांचे बारकोडच थांबले. सप्टेंबरनंतर एका मशीनला लावलेला प्रिंटर दुसऱ्या मशीनवरून चालेनासा झाल्याच्या तक्रारी आल्या. अशा वेळी नवा प्रिंटर आणायला धावू नये. बिल पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवावे, शेजारच्या दुकानातून छापून घ्यावे, प्रिंटरचा नवा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या साइटवरून घालून पाहावा आणि तरीही होत नसेल तर ते अपडेट काढून आठवडाभर थांबावे.

मंगळवार आणि ११ तारीख

हे सगळे वाचून ‘मग अपडेट बंदच करून टाकू’ असे म्हणणारे भेटतील. तसे करून देणारे मेकॅनिकही आहेत. त्यांना २०१७ ची आठवण द्यावी. विंडोजमधील एका भगदाडावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी अपडेट दिले होते. १२ मेला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद करून पैसे मागितले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळे ठप्प झाली. जवळजवळ दोन महिने उपाय हातात असूनही ज्यांनी तो घातला नव्हता, ते बुडाले. अपडेटने अडलेले मशीन उघडता येते. व्हायरसने कुलूप लावलेली खाती बहुधा परत येत नाहीत.

म्हणून अपडेट घ्यायचे, पण दिवस आपण ठरवायचा. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट काढते. तेथील सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र, त्यामुळे आपल्या मशीनवर ते बुधवार-गुरुवारपासून येऊ लागते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखांच्या दरम्यान पडतो आणि मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची असते. २०२६ चे कॅलेंडर काढून पाहावे, फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांत दुसरा मंगळवार १० तारखेलाच आहे. म्हणजे रिटर्नचा शेवटचा दिवस आणि नव्या अपडेटचा पहिला दिवस एकच. त्यात मार्च म्हणजे रमजानची गिऱ्हाइकी.

सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉज’ असते, त्याने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येते. आम्ही असे सुचवतो की महिन्याच्या सुरुवातीलाच ते थांबवावे. ११ तारखेची विक्री आणि २० तारखेचे ३-बी भरून झाले की २१ नंतरच्या एखाद्या निवांत दिवशी, दुपारी, वीज असताना आणि कोणी माणूस समोर बसलेला असताना, आधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन, डोंगल व प्रिंटर काढून अपडेट होऊ द्यावे. तोवर त्यातले दोष इतरांनी भोगून झालेले असतात आणि मायक्रोसॉफ्टने बहुधा दुरुस्तही केलेले असतात. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड व माउसच चालेनासे केले होते, म्हणजे अडलेल्या मशीनचा दरवाजाच बंद. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड असलेल्यांची तेवढी सोय झाली. २० तारखेला वेगळे अपडेट काढून तो दोष दूर केला गेला. दिवाळीच्या त्या गर्दीत ज्यांनी आठवडाभर धीर धरला त्यांना हे कळलेही नाही.

बॅकअपच्या दोन प्रती असाव्यात, एक दुकानात आणि एक घरी, आणि दोन्ही मशीनपासून सुटलेल्या. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही तितकीच सोपी पडते. आठवड्यातून एकदा घरची आणि दुकानची प्रत बदलावी. शुक्रवारी जुम्याच्या आधी दुकान तसेही थोडा वेळ बंद असते, तो वेळ या कामाला बरा.

राहता राहिले जुने मशीन. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरची सुरक्षा अपडेट घरगुती मशीनला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळण्याची सोय ठेवली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर युक्तीने ११ चढवून देतो म्हणणारे पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनच्या पुढच्या अपडेटची हमी देत नाही, आणि २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर फार जुन्या प्रोसेसरवर तर ते सुरूच होत नाही. असे मशीन फेकून देण्याचेही कारण नाही. इंटरनेटची वायर काढून गोदामात ताक्यांची आवक-जावक लिहायला ते आणखी काही वर्षे चालेल, बँक आणि जीएसटी मात्र त्यावर उघडू नये.